परका शब्द कोणाचा? बोलक्या यंत्रांचे श्रवण आणि मराठी बोलणे

माणसाचे बोलणे ऐकून त्याप्रमाणे काम करणारी यंत्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. २०११ मध्ये ॲपल कंपनीच्या फोनमध्ये ‘सिरी’ आली, २०१४ मध्ये ॲमेझॉनची ‘अलेक्सा’ आणि २०१६ मध्ये ‘गूगल असिस्टंट’. यांपैकी गूगलच्या असिस्टंटने २०१८ मध्ये मराठीचा स्वीकार केला. त्याच्या आदल्याच वर्षी गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी दाखल झाली होती. तेव्हापासून या ‘व्हॉइस असिस्टंट’ नावाच्या साधनांविषयी मराठी भाषकांची मुख्य तक्रार एकच राहिली आहे: यंत्राला आपले बोलणे नीट कळत नाही, आणि बोलण्यात एखादा इंग्रजी शब्द आला की ते मुळीच कळत नाही. या तक्रारीला उत्तरे देणारे दोन पक्ष आहेत. अभियंत्यांचा पक्ष म्हणतो, बोलण्याचे नमुने वाढवा म्हणजे चुका कमी होतील. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांचा पक्ष म्हणतो, शुद्ध मराठी बोला म्हणजे यंत्राची पंचाईत होणार नाही. वरकरणी हे दोन पक्ष परस्परांपासून फार दूर आहेत. परंतु त्यांच्या विचाराच्या बुडाशी एकच गृहीत आहे. परका शब्द हा मराठी वाक्यात बाहेरून येऊन पडलेला खडा होय, एकाने तो गाळून घ्यावा आणि दुसऱ्याने तो टाकूच नये, असे ते गृहीत. ते कितपत टिकते, हे पाहिल्याखेरीज यंत्राच्या चुकांची मीमांसा पुढे जाऊ शकत नाही.

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ‘यंत्राला कळले नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. यंत्राने ध्वनी ओळखला नाही, ही पहिली. ध्वनी ओळखूनही तो कोणत्या शब्दाने आणि कोणत्या लिपीत लिहावा हे त्याला ठरवता आले नाही, ही दुसरी. आणि शब्द अचूक लिहूनही त्या शब्दांनी काय करावयास सांगितले आहे हे उमगले नाही, ही तिसरी. तक्रार करणाऱ्याला हा भेद दिसत नाही, कारण त्याच्या हाती येते ते केवळ फल. अभ्यासकाने मात्र तो सोडता कामा नये.

या विद्येचा इतिहास थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखू लागले; तेही ठराविक माणसाने, मध्ये थांबत थांबत उच्चारले तर. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीने सोळा शब्द ओळखणारा ‘शूबॉक्स’ लोकांपुढे मांडला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतीलच जॉन पियर्स यांनी या साऱ्या खटाटोपावर कठोर टीका केली. भाषा जाणणाऱ्या माणसाइतके भाषेचे ज्ञान अंगी असल्याखेरीज कोणतेही यंत्र सर्वसाधारण बोलणे लिहून घेऊ शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळाने पियर्स यांना खोटे पाडले असे सर्रास समजले जाते. भाषेचे ज्ञान बाजूस ठेवून, कोणत्या ध्वनीनंतर कोणता ध्वनी आणि कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, याची गणिते मांडणारी पद्धत यशस्वी झाली, आणि २०१० नंतर बहुस्तरीय न्यूरल जाळ्यांनी ती कितीतरी पुढे नेली. परंतु या यशाची अट विसरली जाते. संभवाची गणिते ज्यावरून मांडावयाची ते बोलणे आधी पुष्कळ साठलेले असावे लागते. आणि जे साठ्यात वारंवार आलेले असते त्याच्याकडेच यंत्राचा कल राहतो. अनोळखी शब्द कानी पडला की असे यंत्र बहुधा ‘कळले नाही’ असे म्हणत नाही. त्या शब्दाच्या जवळचा, परंतु ओळखीचा, असा दुसरा शब्द ते लिहून मोकळे होते. म्हणजे यंत्राची चूक ही आंधळी नसते. ती नेहमी रुळलेल्याच्या बाजूने झुकते. इंग्रजीपुरती पियर्स यांची शंका जवळजवळ निवारली गेली असेल. मराठीच्या बाबतीत ती अद्याप जिवंत आहे, आणि ती जिवंत राहण्याचे कारण मराठी शब्दांच्या घडणीतच सापडते.

‘तिकीट’ हा शब्द घ्यावा. मूळ इंग्रजी, हे कोणीही सांगेल. परंतु मराठीत त्याचे सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो: तिकीट, तिकिटाचा, तिकिटात. ‘पाकीट’ आणि ‘पाकिटात’ यांचेही तसेच. हा नियम ‘जमीन – जमिनीत’ किंवा ‘गरीब – गरिबाला’ यांना लागणारा, सर्वस्वी मराठी नियम होय. ‘बँक’ स्त्रीलिंगी होऊन ‘बँकेत’ जाते, ‘टेबल’ नपुंसक होऊन ‘टेबलावर’ येते, ‘फाईल’ ही ‘फायलीत’ किंवा ‘फाइलीत’ जाऊन बसते. याउलट अलीकडे आलेले शब्द सामान्यरूप घेण्यास नाखूश दिसतात. ‘ॲपात’ असे क्वचितच कोणी म्हणते. ‘ॲपमध्ये’ असेच म्हटले जाते. ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’ ही दोन्ही रूपे एकाच घरात, बहुधा दोन पिढ्यांच्या तोंडी, ऐकू येतात. ‘ई-मेल’ आला, आली की आले, याचा निर्णय तर मराठी समाजाने अद्याप केलेलाच नाही. तात्पर्य, परका शब्द आणि आपला शब्द अशी एक सीमारेषा मराठीत नाहीच. आहे तो उतार. शब्द त्या उतारावर कोठे उभा आहे, हे त्याचे मूळ सांगत नाही, त्याचे सामान्यरूप सांगते. पोर्तुगिजांकडून आलेले ‘बटाटा’, ‘चावी’, ‘पगार’, ‘लिलाव’, ‘घमेले’ हे शब्द उताराच्या पायथ्याशी पोहोचून स्थिरावले आहेत. ‘घमेल्यात’ हे रूप उच्चारताना आपण परभाषेतून काही घेतले आहे अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाही.

यंत्राच्या रचनेत हा उतार धरलेला नसतो. २०२२ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘व्हिस्पर’ नावाची जी पद्धती प्रसिद्ध केली तिचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर ती शिकविली गेली. त्यांपैकी सुमारे १,१७,००० तास इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांतील होते. ही पद्धती बोलण्याचे तीस तीस सेकंदांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो कोणत्या भाषेतील आहे, याचा एक शिक्का मारते. शिक्का एकच असतो. तीस सेकंदांत मराठी माणूस किती भाषांतून ये-जा करतो हे मुंबईच्या लोकलमध्ये चार स्थानके प्रवास केलेल्या कोणालाही सांगावयास नको. आणि तो ये-जा करतो असे तरी का म्हणावे? ‘उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करून परवाची घे’ या वाक्यात व्याकरण सर्वस्वी मराठी आहे. यात भाषा बदललेली नाही. शब्द उतारावर निरनिराळ्या ठिकाणी उभे आहेत, इतकेच.

ध्वनींच्या पातळीवर हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. मराठीत च, ज आणि झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दन्त्य. लिपी मात्र दोहोंना एकच अक्षर देते. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी दन्त्य जकाराने उच्चारला जातो आणि पाण्याचे भांडे या अर्थी तालव्य जकाराने. ‘जगात पाणी आहे का’ हे वाक्य कागदावर पाहून कोणत्या जगाची चौकशी चालली आहे हे कळणार नाही. कानाला ते तत्काळ कळते. येथे परका शब्द आपल्या परकेपणाची खूण स्वतःच बरोबर घेऊन आला आहे, आणि ऐकणारा त्या खुणेचा उपयोगही करतो. परंतु देवनागरीतील लेखनावरून शिकलेल्या यंत्राच्या हाती हा भेद आपोआप लागत नाही, कारण त्याला दिलेल्या उत्तरपत्रिकेतच तो पुसलेला आहे. मानवी श्रोत्याला परक्या शब्दाची जी मदत होते, तिच्यापासून यंत्र असे वंचित राहते. परकीय शब्दांमुळे मराठीचे आकलन अवघड होते, या सरसकट विधानाला हे एक छोटेसे परंतु चोख प्रत्युत्तर आहे.

उलट बाजूही पाहावयास हवी. इंग्रजी शब्द मराठी तोंडात शिरताना बदलतो. ‘ऑफिस’चे ‘हापिस’, ‘स्टेशन’चे ‘ठेसन’, ‘डॉक्टर’चा ‘डागदर’, ‘टाइम’चा ‘टायम’ ही रूपे अशिक्षितपणाची द्योतक म्हणून हसण्यावारी नेली जातात. वस्तुतः ती ‘तिकीट’ या रूपाइतकीच नियमबद्ध आहेत. फरक इतकाच, की ‘तिकीट’ शिष्टांच्या लेखनात शिरले आणि ‘ठेसन’ शिरले नाही. यंत्राच्या उत्तरपत्रिका तयार करणारा शिष्ट वर्ग ‘ठेसन’ ऐकून ‘स्टेशन’ लिहितो. मग यंत्राने ‘ठेसन’ ऐकून काय लिहावे? त्याने ‘ठेसन’ लिहिले तर चूक, ‘स्टेशन’ लिहिले तर बरोबर. म्हणजे जे ऐकले ते न लिहिणे हे येथे बरोबर ठरते. वऱ्हाडातील ‘मले’ आणि मालवणीतील ‘माका’ यांचे तर याहून वाईट होते. हे शब्द परके नाहीत, पण जो साठा पुण्यामुंबईच्या लेखी भाषेवर उभा आहे त्याच्या दृष्टीने ते ‘ॲप’पेक्षाही परके आहेत. परकेपणा हा शब्दाचा गुण नसून ऐकणाऱ्याच्या साठ्याचा गुण आहे, असे यावरून म्हणावे लागते.

येथवर श्रवणाचा विचार झाला. यंत्रांची प्रगती ज्या मापाने मोजतात, त्या मापाकडे वळले असता मात्र स्थिती विशेष चिंताजनक दिसते. हे माप म्हणजे शब्दचुकीचे प्रमाण. यंत्राने लिहिलेले वाक्य माणसाने लिहिलेल्या वाक्याशी ताडून पाहावयाचे. बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजावयाचे. आणि त्या बेरजेला मूळ वाक्यातील शब्दसंख्येने भागावयाचे. माप सोपे आहे, म्हणूनच ते रूढ झाले. परंतु ते मराठीला लावून पाहावे. माणसाने लिहिले, ‘त्यानं मीटिंग कॅन्सल केली’. यंत्राने लिहिले, ‘त्याने मिटिंग कॅन्सल केली’. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने चूक शून्य. मापाच्या दृष्टीने चारांतील दोन शब्द चुकले, म्हणजे ५० टक्के. आता माणसाने लिहिले, ‘त्यानं मीटिंग कॅन्सल केली नाही’, आणि यंत्राने शेवटचा ‘नाही’ गाळला. पाचांतील एक शब्द चुकला, म्हणजे २० टक्के; आणि अर्थ मात्र नेमका उलटा झाला. ‘त्यानं’ आणि ‘त्याने’, ‘केलं’ आणि ‘केले’ हा बोलण्याचा आणि लिहिण्याचा भेद मराठीच्या स्वभावातच आहे. १९६२ साली मान्य झालेल्या चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेल्या चार लेखननियमांनीही बोलीच्या लेखनातील असे अनुस्वार मान्य केले आहेत. जी भाषा स्वतःच दोन शुद्ध रूपे बाळगते, तिला एका शुद्ध रूपाचे माप लावणे हा मापाचाच दोष होय.

याहून गंभीर दोष ‘व्हिस्पर’च्या मापनपद्धतीत सापडला. विरामचिन्हे आणि तत्सम खुणा यांमुळे निष्कारण चुका धरल्या जाऊ नयेत म्हणून ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही वाक्ये ‘स्वच्छ’ करण्याची रीत आहे. इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी जी सरसकट रीत ठेवली गेली, तिच्यात युनिकोडने ‘खुणा’ म्हणून नोंदविलेली सर्व अक्षरचिन्हे काढून तेथे मोकळी जागा सोडली जाते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही सारी युनिकोडच्या वर्गवारीत ‘खुणा’च आहेत. परिणाम असा, की मीठ, माठ, मूठ, मिठी आणि मोठा हे पाचही शब्द स्वच्छ होऊन ‘म ठ’ एवढेच उरतात. मीठ मागितले आणि यंत्राने माठ लिहिला, तरी परीक्षेत गुण पूर्ण! केरळमधील अभ्यासकांनी २०२४ मध्ये या रीतीची सविस्तर चिकित्सा करून भारतीय भाषांच्या बाबतीत जाहीर होणारी प्रगती त्यामुळे कशी फुगते, हे दाखवून दिले. ही रीत मुद्दाम कोणाचा अवमान करण्यासाठी योजलेली नव्हती. ज्या लिपीत स्वर हा व्यंजनाला जोडलेली खूण असतो, अशा लिपीचे स्मरण ती रचताना कोणाला झाले नाही, एवढेच घडले. आणि विसरण्याची ही तऱ्हाच येथे टीकेचा विषय आहे. चुकणारे यंत्र सुधारता येते. चूक दिसूच न देणारे माप हाती असेल तर सुधारणेची गरजच कोणाला भासत नाही.

लिपीच्या प्रश्नाची दुसरी बाजू विनोदी वाटते, परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष विनोदी नाही. पुष्कळ मराठी माणसांच्या फोनमध्ये नातेवाइकांची व स्नेह्यांची नावे रोमन लिपीत नोंदलेली असतात. ‘मोरे’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिले की ते ‘अधिक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी अक्षरशः एक होते. ‘साने’ शहाणे होतात, ‘दाते’ तारीख किंवा खजूर होतात, ‘माने’ घोड्याची आयाळ, ‘काळे’ एक पालेभाजी आणि ‘गोरे’ तर जखमेतून वाहून साखळलेले रक्त. ‘मोऱ्यांना फोन लाव’ असे कोणी म्हटले, तर यंत्राने ‘मोऱ्यांना’ या सामान्यरूपातून ‘मोरे’ काढावयाचे, ते देवनागरीतून रोमनमध्ये न्यावयाचे, आणि तेथे इंग्रजी उच्चारनियमांचा मोह टाळून ते नाव ओळखावयाचे, इतक्या पायऱ्या आहेत. यांपैकी कोणत्याही पायरीवर पाय घसरला, तर फोन लागत नाही किंवा भलत्याला लागतो. परक्या शब्दांनी यंत्र गोंधळते ही तक्रार येथे उलटी करून मांडावी लागेल. यंत्राच्या घरात परका ठरलेला शब्द हा ज्याचा फोन आहे त्याच्या शेजाऱ्याचे आडनाव आहे.

तिसऱ्या पातळीवरचे, म्हणजे आज्ञेचे, आकलन हा मराठीच्या अर्थविचाराला मिळालेला नवा प्रांत आहे, आणि त्याकडे विद्यापीठीय अभ्यासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘लाव’ हे एकच क्रियापद घ्यावे. दिवा लाव म्हणजे प्रकाश कर. दार लाव म्हणजे बंद कर. गाणे लाव, फोन लाव, गजर लाव, झाड लाव, मलम लाव, कुकर लाव. प्रत्येक ठिकाणी क्रिया वेगळी. दिवा आणि दार यांच्या बाबतीत तर ती परस्परविरुद्ध म्हणावी अशी. अर्थ येथे क्रियापदात नसून कर्म आणि क्रियापद यांच्या जोडीत आहे. त्यातही ‘दिवा विझव’ म्हणणे अशुभ मानून जुन्या घरांतून ‘दिवा मालव’ किंवा ‘शांत कर’ म्हटले जाते. इंग्रजी आज्ञांचे भाषांतर करून रचलेल्या कोष्टकात ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ अशा दोनच ओळी असतील, तर या साऱ्या वापराला तेथे थारा मिळणार नाही.

काळ आणि संख्या यांचेही तसेच. ‘पावणेनऊचा गजर लाव’ यात नऊ ऐकू येतात आणि गजर आठ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी व्हावयाचा असतो. सव्वाशे, दीडशे, अडीच हजार, साडेतीन या शब्दांत अपूर्णांक हा संख्येच्या पोटात शिरलेला आहे. एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात त्र्याहत्तरला ‘सत्तर तीन’ असा सुटा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. बालकांना जे कठीण जाते म्हणून तो पर्याय सुचला, तेच यंत्रालाही कठीण जाते; गदारोळ करणाऱ्यांनी मराठी संख्यावाचनाची जी बाजू घेतली ती यंत्रे घडविणाऱ्यांपुढे मात्र कोणी मांडली नाही. ‘परवा’ हा शब्द तर भूत आणि भविष्य या दोहोंना सारखाच मोकळा आहे. ‘परवा पाऊस झाला का’ आणि ‘परवा पाऊस पडेल का’ यांतील परवा कोणता, हे शेवटचे क्रियापद ऐकल्याखेरीज ठरत नाही. जे यंत्र वाक्यातील दोन-तीन ठळक शब्द टिपून उत्तर देऊ पाहते, त्याची येथे फसगत होणे अटळ आहे. यांतील एकही शब्द परका नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता दोन उपायांकडे वळता येईल. शुद्धीचा उपाय जुना आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली, तर माधव ज्यूलियन यांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. याच ज्यूलियनांनी त्यापूर्वी फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. या प्रयत्नांचे फलित एकांगी नाही: ‘महापौर’ रुजला, ‘दिनांक’ आला आणि ‘तारीख’ही गेली नाही. भाषेने पर्याय घेतले, पण जुने शब्द हद्दपार केले नाहीत. परंतु यंत्राच्या सोयीसाठी शुद्धी करावी हा युक्तिवाद त्या परंपरेतही बसत नाही. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द सरकारी पत्रात शोभतो. घरात हरवलेला फोन शोधताना कोणी ‘माझा भ्रमणध्वनी वाजव’ म्हणत नाही. आणि यंत्राला ‘मोबाईल’पेक्षा ‘भ्रमणध्वनी’ अधिक कळेल, असे मानावयास आधारही नाही. बोलण्याच्या साठ्यात जे क्वचित येते ते यंत्राला क्वचितच कळणार. शुद्ध बोलणाऱ्याला यंत्राने बक्षीस द्यावे ही अपेक्षा म्हणजे यंत्राच्या स्वभावाविषयीचा गैरसमज आहे.

साठा वाढविण्याचा उपाय अधिक विचारार्ह आहे, आणि त्या दिशेने मोलाचे काम झालेलेही आहे. मद्रासच्या आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२४ मध्ये ‘इंडिकव्हॉइसेस’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या प्रकाशनात २२ भाषांतील, १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ भाषकांचे ७,३४८ तासांचे बोलणे होते. आणि त्यात वाचून दाखविलेले बोलणे अवघे ९ टक्के, बाकीचे उत्स्फूर्त किंवा संवादातले. हे शेवटचे प्रमाण एकूण तासांपेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण वाचून दाखविणारा माणूस ‘केले’ म्हणतो आणि बोलणारा ‘केलं’. त्याही आधी, २०१० नंतरच्या काही वर्षांत, शेतमालाचे बाजारभाव फोनवरून बोलून विचारता यावेत यासाठी सरकारी अर्थसाहाय्याने सहा भारतीय भाषांत जे काम चालले त्यात मराठी होती, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी त्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे बोलणे फोनवरूनच मुद्रित केले होते. त्या कामाची व्याप्ती लहान होती: मालाची नावे, जिल्हे, बाजारपेठा. पण कोण विचारणार, काय विचारणार आणि कशासाठी विचारणार हे आधी ठरवून मग ऐकण्याची ती पद्धत, सर्वांचे सर्व काही ऐकण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या आजच्या साधनांपेक्षा, भाषेच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक होती.

तरीही साठा हे सर्वस्व नव्हे. २०२० मध्ये अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या श्रवणपद्धती तपासल्या गेल्या, तेव्हा गौरवर्णीय भाषकांच्या बाबतीत शब्दचुकीचे प्रमाण सरासरी १९ टक्के आणि कृष्णवर्णीय भाषकांच्या बाबतीत ३५ टक्के आढळले. इंग्रजीत बोलण्याच्या साठ्याचा दुष्काळ नाही, आणि भाषकही त्याच देशातले, तीच भाषा बोलणारे. म्हणजे साठा अमाप असूनही तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. मराठीचा साठा वाढताना तो केवळ एका वर्गाच्या बोलण्याने वाढला, तर आज इंग्रजीत जे घडते तेच उद्या मराठीत घडेल. आणि ज्याला वाचता-लिहिता येत नाही त्याच्यासाठी म्हणून जे साधन पुढे केले जाते, ते ज्याला वाचता-लिहिता येते त्याचेच तेवढे ऐकेल.

या अन्यायाचा परिणाम यंत्रावर होत नाही. तो बोलणाऱ्यावर होतो. यंत्राशी बोलणारा मराठी माणूस पहिला शब्दच ‘ओके गूगल’ असा परका उच्चारून नांदी करतो. त्यानंतर तो आवाज चढवतो, शब्द सुटे करतो, ‘पावणेनऊ’ सोडून ‘आठ पंचेचाळीस’ म्हणतो, ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणतो, आणि तेही फसले की इंग्रजीत किंवा हिंदीत विचारतो. शिकावयाचे होते यंत्राने, शिकतो माणूस. लहान मुले ज्या वयात घरातील वडीलधाऱ्यांचे ऐकून बोलणे शिकतात, त्या वयात ती हे बदललेले बोलणेही ऐकत असतात. यंत्राला ‘सांग’ म्हणावे की ‘सांगा’, आणि त्याने उलट बोलताना आपल्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, याचा निर्णयही घराने केलेला नसतो. तो दूर कोठेतरी झालेला असतो.

मराठी विभागांचा यात काही वाटा आहे काय, असा प्रश्न रास्तपणे विचारला जाईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून प्राचीनतेच्या पुराव्यांची चर्चा ओसंडून वाहते आहे. आज बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या पुराव्यांविषयी तितकी आस्था दिसत नाही. वस्तुतः त्या कामाची परंपरा येथे आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींची जी पाहणी हाती घेतली तिचे खंड आजही संदर्भासाठी उघडले जातात. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने गावोगावी जाऊन बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. घाटगे यांच्या खंडांत ध्वनी लिपिबद्ध आहे, पण ऐकू येत नाही. नव्या संग्रहात तो ऐकू येतो. या संग्रहांना जोडून परक्या शब्दांच्या सामान्यरूपांची गाववार नोंद झाली, ‘ऑफिसात’ कोठे संपते आणि ‘ऑफिसमध्ये’ कोठे सुरू होते याचा नकाशा निघाला, दन्त्य आणि तालव्य जकाराची खूण करणारा उच्चारकोश तयार झाला, तर ती सामग्री व्याकरणकाराला जितकी लागेल तितकीच यंत्र घडविणाऱ्यालाही लागेल. मात्र ज्या गावकऱ्याने भाषेच्या अभ्यासासाठी म्हणून आपला आवाज दिला, त्याचा तो आवाज एखाद्या कंपनीच्या साठ्यात जाणार असेल तर त्याला पुन्हा विचारावे लागेल. आणि ते त्याच्या बोलीत विचारावे लागेल.